'रन'चे ६४५ अर्थ

'रन' म्हणजे धावणे, हे आपण शाळेत शिकलो आणि क्रिकेटने ते पक्कं केलं. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०११ मध्ये या शब्दाची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यात नऊ महिने गेले.

त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या नोंदीचा मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा होता. एका शब्दासाठी अख्खं पुस्तक!

एवढे अर्थ येतात कुठून? संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये या कोशाचं काम हाती घेतलं आणि लोकांना आवाहन केलं: वाचताना शब्द भेटला की ते वाक्य, ग्रंथ आणि साल चिठ्ठीवर लिहून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. घराच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या लावल्या जात. आधी अर्थ ठरवायचा आणि मग उदाहरण शोधायचं, असं नाही. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातूनच अर्थ वेगळे करायचे. या पद्धतीबद्दल मला अपार आदर वाटतो. मरे १९१५ मध्ये गेले, कोश पुरा झाला १९२८ मध्ये.

'रन' जुन्या इंग्रजीपासूनचा. त्याचा जर्मन भाऊबंद 'रिनेन' म्हणजे वाहणे. त्यामुळे इंग्रजीत नदी, नाक आणि धुतल्यावर कपड्याचा रंग, सगळंच 'रन' होतं. पुढे गिरण्या आणि आगगाड्या आल्या. यंत्र 'रन' होऊ लागलं, यंत्र चालवणारा माणूसही ते 'रन' करू लागला. मग दुकान, संस्था, अलीकडे संगणकावरचा प्रोग्रॅम. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. ब्रिटनमध्ये मात्र तो आपल्यासारखाच उभा राहतो.

यातलं बरंचसं ओझं मराठीत 'चालणे' वाहतं. घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, कुणाची घरात सत्ता चालते आणि चहा बिनसाखरेचा असला तरी चालतो. यातला कुठला अर्थ ज्ञानेश्वरीच्या काळी होता, कुठला पेशवाईच्या कागदांत पहिल्यांदा दिसतो, कुठला छापखान्यानंतर आला, हे एकेका वाक्यानिशी, सालवार लावलेलं मला वाचायचं आहे.