‘इम्पोर्टेड’ पिल्लं आणि गेटबाहेर थांबवलेली गाडी

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: “माल इम्पोर्टेड आहे का?” नाही. आमची लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकराची पिल्लं इथंच, लातूर जिल्ह्यात जन्मलेली. जात विलायती, जन्म गावचा. परदेशातून जिवंत डुक्कर आणायचं तर सरकारी परवानगी, तिकडच्या सरकारी डॉक्टरचा दाखला आणि इथं उतरल्यावर क्वारंटाइन, एवढं सगळं लागतं. कुणी “थेट डेन्मार्कचा माल” म्हणून जादा भाव सांगत असेल, तर आधी कागद मागा.

डेन्मार्क दरवर्षी एक कोटीहून जास्त जिवंत पिल्लं विकतो, बहुतेक पोलंड आणि जर्मनीला, साधारण 30 किलो वजनाची. पण त्यांच्याकडून घ्यायचीच तर गाडीची शिस्त घ्यावी. माल उतरवून परतलेला रिकामा ट्रक धुऊन, औषध मारल्याशिवाय फार्मकडे वळत नाही. रानडुकरं येऊ नयेत म्हणून 2019 मध्ये त्यांनी जर्मनीच्या हद्दीवर सुमारे 70 किलोमीटर कुंपणही घातलं. भीती आफ्रिकन स्वाइन फीव्हरची. 2007 मध्ये हा रोग जॉर्जियातल्या पोटी बंदराजवळ निघाला, बहुधा जहाजावरचं खरकटं डुकरांच्या तोंडी लागल्यामुळे. 2018 मध्ये चीन, 2020 मध्ये आसाम. (हॉटेलचं खरकटं न उकळता घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) माणसाला तो होत नाही, शेड मात्र रिकामं करतो. “लस टोचलीय की” म्हणू नका. ती क्लासिकल स्वाइन फीव्हर या वेगळ्या रोगाची, याला चालत नाही.

आता आमचा आणि तुमचा वेळ खाणारी गोष्ट. ठरल्या दिवशी तुमचा भाड्याचा छोटा हत्ती येतो. काल त्यातच बाजारची डुकरं गेलेली. फळ्यांच्या फटीत घाण वाळलेली, ताडपत्रीच्या घडीत जुना भुसा. ड्रायव्हर म्हणतो, “धुतलीय ना!” म्हणजे नुसती नळी मारलेली. अशी गाडी आम्ही परत पाठवतो. तोवर पिल्लं निवडून, उपाशी ठेवून तयार असतात. तुमचं भाडं वाया, आमची सकाळ वाया, वर वाद.

घाण राहिली तर औषध खालपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी खरवडा, साबणाच्या पाण्यानं घासा, मग 100 लिटर पाण्यात 2 किलो कॉस्टिक सोडा टाकून फवारा. हातमोजे, चष्मा घाला. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. अर्धा तास राहू द्या, धुवा आणि उन्हात कडक वाळवा. ओली गाडी चालत नाही. ड्रायव्हरची चप्पल आणि दोरखंड धुवायला लोक हमखास विसरतात.

“शेड बघू देत नाहीत, काहीतरी लपवतात,” असंही कानावर येतं. व्हिडिओ कॉल करा, प्रत्येक कप्पा दाखवू. आत मात्र आमचा सख्खा पाहुणासुद्धा येत नाही. आणि आमच्यावरही आंधळा भरवसा नको: नेलेली पिल्लं 30 दिवस जुन्या डुकरांपासून लांब ठेवा, त्यांची बादली-फावडं वेगळं.

गाडीची कटकट नको असेल तर आमची धुतलेली पिकअप आहे. भाडं किलोमीटरवर, डॉक्टरचा दाखला आम्ही काढतो. दहा पिल्लांच्या वर घेतली तर पहिल्या आठवड्याचं खाद्य सोबत देतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचच्या आत गाडी भरतो. डुकराला अंगभर घाम येत नाही, दुपारच्या उन्हात ते वाटेतच जातं. उशिरा आलात तर दुसऱ्या दिवशीचा नंबर लागेल.