नेटवर्क बूट आणि सर्व्हर पॅचिंग : दोषशोधन

पेन ड्राइव्ह न लावता नेटवर्कवरून यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवणे आणि नंतर तिची अद्यतने दुरूनच लावणे, ही एकाच कामाची दोन टोके आहेत. मुंबईत या कामाला भूगोल आणि घड्याळ या दोघांची अडचण असते. कचेरी अंधेरीत किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात, सर्व्हर मात्र खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये. शिवाय शेअर बाजाराशी जोडलेल्या यंत्रांना सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० हात लावायची सोय नाही.

नेटवर्क बूटचा पाया म्हणजे इंटेलचे पीएक्सई (नेटवर्कवरून यंत्र सुरू करायची पद्धत), त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ सालची. यंत्र सुरू होताच नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे (यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागते. त्याबरोबर बूट सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचे नाव कळते, ती छोटी फाइल टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) उतरते आणि पुढची मोठी इमेज (सिस्टिमची एकत्र बांधलेली फाइल) ओढते. ही साखळी नेमकी कुठे तुटली, ते पडद्यावरचा संकेतांक सांगतो. ई६१ दिसला तर केबल किंवा पोर्ट बघावा. ई५१ म्हणजे डीएचसीपीचे उत्तरच आले नाही. ई५३ मध्ये पत्ता मिळाला, फाइलचे नाव मिळाले नाही. ई३२ मध्ये नावही मिळाले, पण टीएफटीपी गप्प राहिले. इथे बहुधा फायरवॉल आडवी येते, आणि टीएफटीपीचा यूडीपी ६९ हा पोर्ट (इथे सेवेचा क्रमांक) उघडून भागत नाही : विनंती ६९ वर जाते, उत्तर मात्र सर्व्हर वरच्या कुठल्याही पोर्टवरून देतो.

ई५१ ची कारणे सर्वांत फसवी. डीएचसीपीची हाक ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना एकदम दिलेली असते, ती राउटर ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) ही हाक पुढे पोचवणारा आयपी हेल्पर लागतो, तोही डीएचसीपी आणि पीएक्सई अशा दोन्ही सर्व्हरकडे बोट दाखवणारा. दुसरे कारण स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये वेटोळे होऊ नये म्हणून स्विच घेतो ती खबरदारी. लिंक लागल्यावर स्विचचा पोर्ट १५-१५ सेकंदांच्या दोन टप्प्यांत अडकतो, आणि त्या ३० सेकंदांत नेटवर्क कार्ड हात टेकते. यंत्र आणि स्विच यांच्यामध्ये लॅमिंग्टन रोडवर मिळणारा पाच पोर्टचा साधा स्विच लावून बघावा. बूट झाले तर दोषी स्पॅनिंग ट्री, आणि इलाज त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहता पोर्ट लगेच चालू करणारी सोय). डीएचसीपी आणि डब्ल्यूडीएस (विंडोजची नेटवर्कवरून इन्स्टॉल करणारी सेवा) एकाच सर्व्हरवर असतील तर दोघे पोर्ट ६७ साठी भांडतात. डब्ल्यूडीएसला तो सोडायला लावून डीएचसीपीत पर्याय ६० (डीएचसीपीच्या क्रमांकित माहितीपैकी एक) भरावा लागतो.

पर्याय ६६ आणि ६७ (बूट सर्व्हर आणि फाइलचे नाव) हाताने भरून ठेवणे ही जुनी सवय सोडलेली बरी. त्यामुळे सर्वांना एकच फाइल जाते, आणि बायोस या जुन्या सुरुवात-पद्धतीसाठीची फाइल नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्राला चालत नाही. यंत्र स्वतःचा प्रकार पर्याय ९३ मधून सांगते : बायोसचा ० आणि ६४-बिट यूईएफआयचा सहसा ७. त्यानुसार फाइल द्यावी.

टीएफटीपी एक ब्लॉक पाठवून पोच येईपर्यंत थांबते. ५०० एमबीची इमेज १,४५६ बाइटच्या ब्लॉकनी पाठवली तर सुमारे ३,६०,००० फेऱ्या होतात. कचेरीतल्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या नेटवर्कवर याला तीन मिनिटे, पण पाच मिलिसेकंदांच्या लीज्ड लाइनवर अर्धा तास. लाइन रुंद करून हे सुधारत नाही. विंडो साइज (पोच येण्याआधी सलग पाठवायच्या ब्लॉकची संख्या) वाढवावी, एचटीटीपी बूट वापरावे किंवा शाखेतच बूट सर्व्हर ठेवावा.

विंडोज पीई (इन्स्टॉलपुरते चालणारे छोटे विंडोज) उघडले आणि पुढे सर्व्हर सापडला नाही, तर शिफ्ट-एफ१० दाबून आयपीकॉन्फिग ही नेटवर्क पत्ते दाखवणारी आज्ञा चालवावी. यादी रिकामी असल्यास बूट इमेजमध्ये नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नाही. विंडोज ११ च्या डिस्कवरची बूट.विम ही बूट इमेज जशीच्या तशी घेऊन डब्ल्यूडीएसने इन्स्टॉल करायची वाट मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे. स्वतः बनवलेली बूट इमेज मात्र चालते.

पॅचिंगमध्ये डब्ल्यूएसयूएस (विंडोजची अद्यतने वाटणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) अजून जागोजागी आहे, जरी सप्टेंबर २०२४ पासून त्याचा विकास थांबला आहे. क्लायंटवर ८०२४४०२२ हा दोष आला तर बहुधा आयआयएस या वेब सर्व्हरमधला डब्ल्यूएसयूएस पूल (ही सेवा चालवणारी प्रक्रिया) बंद पडलेला असतो : त्याची मूळ स्मृतिमर्यादा १८,४३,२०० केबी, म्हणजे दोन जीबीही नाही. ती वाढवावी, विनंत्यांची रांग १,००० वरून २,००० करावी आणि कालबाह्य अद्यतने नाकारावीत. तेवढे न केल्यास पूल पुन्हा पडतो. सिसप्रेप (यंत्राची खास ओळख पुसणे) न करता क्लोन केलेली यंत्रे यादीत आलटूनपालटून दिसतात, कारण सगळ्यांचा एसयूएस क्लायंट आयडी (डब्ल्यूएसयूएससाठीची ओळख) एकच असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच सेवेतल्या गंभीर त्रुटीसाठी तातडीचा पॅच आला. तिचे ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नयेत.

पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-साधनाच्या रिमोट सत्रातून अद्यतन लावताना ८००७०००५, म्हणजे परवानगी नाकारली, असे येते. पासवर्ड बदलून उपयोग नाही; विंडोज अपडेट रिमोट सत्रातून इन्स्टॉल करूच देत नाही. त्याच यंत्रावर सिस्टिम खात्याने चालणारे शेड्यूल्ड टास्क लावावे.

लिनक्सवर दोष कमी आणि ठरलेले : जुन्या कर्नलनी (सिस्टिमच्या गाभ्याच्या आवृत्त्यांनी) भरलेले बूट विभाजन, किंवा एसएसएच (दुरून केलेली जोडणी) तुटल्याने अर्धवट राहिलेले अद्यतन. म्हणून आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारे साधन) उघडावे.

रीबूटपूर्वी सर्व्हरमध्येच बसवलेल्या आयड्रॅक किंवा आयएलओ या दूरनियंत्रकाचा कन्सोल खरोखर उघडतो का, ते पाहावे. त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही हे रात्री दोन वाजता कळले, तर ऐरोली गाठण्यावाचून गत्यंतर नसते. नंतर घड्याळ तपासावे : पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरोस (ओळख तपासणारी व्यवस्था) लॉगिन नाकारते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे जुळलेली असणे व नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारकच आहे.