ओला कचरा आणि आगीचा हिशेब

"जाळून टाका की एकदाचा!" आमच्या सोसायटीच्या सभेत कचऱ्याचा विषय निघाला की कुणी ना कुणी हे म्हणतंच. मागच्या सभेत त्याला मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुराचीही जोड मिळाली. स्वीडन म्हणे परदेशातून कचरा विकत आणून जाळतो आणि त्यावर घरं उबदार ठेवतो. आपल्याकडे मात्र कचऱ्यापासून वीज करायची म्हटली की लोक रस्त्यावर उतरतात. म्हणजे विरोध करणारे एकतर अडाणी, नाहीतर 'माझ्या दारात नको' म्हणणारे स्वार्थी.

मजकुरातली एक चूक आधी दुरुस्त करतो. स्वीडन कचरा विकत घेत नाही. कचरा पाठवणारे देशच त्याला तो संपवण्याचे पैसे देतात. पण मला बोलायचंय ते विरोध करणाऱ्यांबद्दल. कचरा जाळणाऱ्या भट्टीशेजारी राहणारा माणूस धुराची तक्रार करतो तेव्हा तो पदार्थविज्ञानाच्या एका पक्क्या नियमाकडे बोट दाखवत असतो, त्याला त्या नियमाचं नाव ठाऊक असो वा नसो. तो नियम पाण्याचा आहे.

1987 साली दिल्लीत तिमारपूरला कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचं, रोज 300 टन कचरा जाळायची क्षमता. जेमतेम 21 दिवस चालला आणि बंद पडला. भट्टीला किलोमागे किमान 1462 किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता. दिल्लीकरांचा कचरा देत होता 600 ते 700. यंत्रात खोट नव्हती, डेन्मार्कमध्ये तशा भट्ट्या चालतच होत्या. मग आपल्या कचऱ्यात असं काय होतं?

गेल्या मे महिन्यात मी घरातला एक किलो ओला कचरा वजन करून गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरला. कलिंगडाच्या नि दुधीच्या साली, आंब्याच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा. चार दिवसांच्या उन्हानंतर त्याचा कुरकुरीत पाचोळा झाला. वजन भरलं 170 ग्रॅम. बाकीचे 830 ग्रॅम पाणी होतं. घंटागाडी कोपऱ्यावरून वळते तेव्हा तिच्या मागून जी काळी धार रस्त्यावर सांडते, ती यातलीच.

आता या पाण्याचं आगीशी काय नातं आहे ते पाहू. चुलीत ओलं लाकूड सरकवलं की त्याच्या दुसऱ्या टोकाला फेस येतो, फुसफुस आवाज होतो आणि घर धुरानं भरतं. आगीची उष्णता लाकूड पेटवण्याऐवजी आतलं पाणी उकळण्यात खर्च होत असते. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशानं वाढवायला एक कॅलरी पुरते, पण 100 अंशांवरच्या त्याच एक ग्रॅमची वाफ करायला तब्बल 540 कॅलरी लागतात. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, ते बंध सोडवायची ही किंमत. शाळेत आपण तिला 'बाष्पनाचा अप्रकट उष्मा' म्हणून पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. माठातलं पाणी गार होतं ते याच उष्म्यामुळे, आणि तिमारपूरची भट्टी विझली तीही.

एक किलो मिसळलेला शहरी कचरा घ्या. ढोबळमानाने त्यात निम्मं, म्हणजे 500 ग्रॅम पाणी असतं. रस्त्यावरची माती, खडे, राख वगैरे न जळणाऱ्या गोष्टी 250 ग्रॅम धरू. खरोखर जळणारा भाग उरला 250 ग्रॅम. कागद, साली, काड्या यांसारख्या कोरड्या पदार्थांच्या किलोतून साधारण 4000 किलोकॅलरी मिळतात, तेव्हा आपल्या पाव किलोतून 1000 मिळतील. ही जमा. आता खर्च. अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून 100 वर न्यायला 37 आणि त्याची वाफ करायला 270, मिळून 307. शिल्लक राहिल्या 690 च्या आसपास. तिमारपूरचा 600 ते 700 हा आकडा असा घरबसल्या मिळतो.

पण खर्च इथे थांबत नाही. भट्टीतल्या वायूंचं तापमान निदान 850 अंश असावं लागतं (का, ते पुढे सांगतो). ती अर्धा किलो वाफ 100 वरून 850 वर चढवायला आणखी 190 किलोकॅलरी. पाव किलो पदार्थ नीट जळायला गरजेपेक्षा जास्त हवा सोडावी लागते. ती सव्वादोन किलोच्या घरात धरली, तर ती हवा तापवायला पावणेपाचशेच्या वर. माती-खडे तापायला पन्नासेक. बेरीज करा. खर्च हजाराच्या पुढे गेला आणि भट्टीच्या भिंतींमधून निसटणारी उष्णता अजून धरलेलीच नाही. असा कचरा स्वतःच्या बळावर 850 अंश गाठूच शकत नाही. त्यात तेल ओता, नाहीतर भरपूर पुठ्ठा आणि प्लास्टिक घाला.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही ऊर्जेसाठी किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचराच धरला होता. आपल्या उदाहरणातला कचरा त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. भट्टीला हवं असतं ते कोरडं प्लास्टिक, पुठ्ठा आणि कागद. कचरा वेचणाऱ्या बाया घरोघरी फिरून नेमकं हेच वेगळं काढतात आणि भंगारवाल्याला विकून घर चालवतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतल्या बायांनी 2008 पासून 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था चालवली आहे. भट्टी आली की त्यांच्या हातातला माल भट्टीच्या तोंडी जातो. त्यांचा विरोध धुराइतकाच पोटाचाही आहे.

850 अंशांचा आग्रह डायॉक्सिनमुळे. डायॉक्सिन हा क्लोरीन असलेल्या अतिविषारी संयुगांचा गट. यातल्या सर्वांत घातक संयुगाची गळती 1976 साली इटलीत सेवेसोजवळच्या रसायन कारखान्यातून झाली, तेव्हा जगाला या गटाची खरी ओळख झाली. कचऱ्यात क्लोरीन येतो पीव्हीसी या प्लास्टिकमधून आणि आपल्या जेवणातल्या मिठातूनही. ज्वालेतले वायू 850 अंशांवर किमान दोन सेकंद राहिले तर डायॉक्सिनचे रेणू मोडतात. ओल्या कचऱ्याची खेप पडली की तापमान ढासळतं, ज्वलन अर्धवट होतं आणि काजळी वाढते.

यातला सर्वांत चिवट भाग पुढे आहे. मोडलेलं डायॉक्सिन पुन्हा जुळतं. धूर चिमणीकडे जाताना थंड होत 450 ते 200 अंशांच्या पट्ट्यातून जातो. तिथे राखेच्या कणांवर कार्बन असतो, क्लोरीन असतो आणि जुन्या तारांतून वगैरे आलेलं तांबंही असतं. हे तांबं उत्प्रेरकाचं काम करतं आणि त्या कणांच्या पृष्ठभागावर डायॉक्सिन नव्यानं तयार होतं. म्हणून चांगल्या भट्टीत धूर या पट्ट्यातून झपाट्यानं थंड करतात, त्यात सक्रिय कोळशाची पूड सोडतात आणि कापडी गाळण्यांतून तो गाळतात. या सगळ्यानं चिमणीतून येणारं डायॉक्सिन खूप कमी होतं हे खरं आहे. ते जातं मात्र गाळलेल्या बारीक राखेत, आणि ती राख घातक कचरा म्हणून वेगळी पुरावी लागते. चिमणीतली धूळ किंवा कार्बन मोनॉक्साइड यंत्रावर क्षणोक्षणी दिसतात. डायॉक्सिनसाठी कित्येक तास धुराचा नमुना गोळा करून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. मर्यादा आहे घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). शेजारी राहणाऱ्याला हे नाकानं कळायचं कसं?

दिल्लीत 2012 साली ओखल्याला, लोकवस्तीला खेटून, दुसरी मोठी भट्टी सुरू झाली. सुखदेव विहारचे रहिवासी त्याच्या तीन वर्षं आधीच, 2009 साली, उच्च न्यायालयात गेले होते. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. 2017 साली लवादानं दंड ठोठावला, पण भट्टी चालू राहू दिली. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, हे तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत.

आपल्या मनात आगीबद्दल एक जुना विश्वास आहे. अग्नीला आपण 'पावक' म्हणतो, म्हणजे पवित्र करणारा. जंतूंच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण मूलद्रव्याचा अणू कुठलीही आग नष्ट करत नाही. सेलमधला पारा, रंगातलं शिसं, प्लास्टिकमधलं क्लोरीन हे सगळे अणू आगीनंतरही तितकेच उरतात, कुठे राखेत, कुठे धुरात. याच भाबडेपणावर आता नवा धंदा उभा राहिलाय, 'चुंबकीय हवेवर' चालणाऱ्या, इंधन न लागणाऱ्या कचराभट्ट्यांचा. ऑक्सिजन चुंबकाकडे अगदी किंचित ओढला जातो, एवढंच त्यात खरं आहे. त्यानं कचऱ्याच्या किलोकॅलरी वाढत नाहीत आणि पाण्याचा अप्रकट उष्मा कमी होत नाही. या पेट्यांत कचरा धुमसत राहतो, म्हणजे डायॉक्सिनला सोयीच्या तापमानात. कुठल्याही नगरपालिकेनं अशी पेटी घेण्यापूर्वी वरची बेरीज एकदा कागदावर करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग ओल्या कचऱ्यातली ऊर्जा मिळवायचीच नाही का? मिळवायची, पण पाणी न उकळता. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. हवाबंद टाकीत, पाण्यातच, जिवाणू अन्नाचे मोठे रेणू तोडून साखर करतात. दुसरे जिवाणू साखरेची आम्लं करतात. शेवटी आर्किया नावाचे अतिप्राचीन सूक्ष्मजीव त्यांच्यापासून मिथेन बनवतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून मिथेनचे तीन आणि कार्बन डायॉक्साइडचे तीन रेणू होतात, आणि ग्लुकोजमधली सुमारे 95 टक्के ऊर्जा त्या तीन मिथेन रेणूंत साठून राहते. सूक्ष्मजीव त्यातला थोडा वाटा स्वतःला ठेवतात आणि सगळं अन्न पचतही नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कमी मिळतं. पण मिथेन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बुडबुडा होतो आणि आपला आपण वर येतो. भट्टीला जे पाणी हटवायला 307 किलोकॅलरी मोजाव्या लागल्या, ते इथे टाकीत जागच्या जागी राहतं आणि ऊर्जा तेवढी त्यातून बाहेर पडते. शिवाय पाणी नसेल तर हे सूक्ष्मजीव कामच करत नाहीत.

पुण्यात 'आरती' संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांनी यातली एक मोलाची गोष्ट लोकांपुढे ठेवली. गोबरगॅसला आपण शेण घालतो, पण शेणातलं पचण्याजोगं सत्त्व गाईनं आधीच काढून घेतलेलं असतं. सूक्ष्मजीवांना थेट उरलेला भात, शिळी पोळी, पिकलेली फळं खायला घाला. कोरड्या वजनाच्या दोन किलो पिठूळ किंवा गोड पदार्थांतून सुमारे अर्धा किलो मिथेन निघतो, तोही साधारण दिवसाभरात. या छोट्या संयंत्राला 2006 चा ॲश्डेन हा ब्रिटनमधला पुरस्कार मिळाला. तिकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र विकसित केलं. त्यात मुख्य टाकीच्या आधी एका गरम, हवेशीर टाकीत कचरा मऊ करून घेतात.

सूक्ष्मजीवांचा तोल मात्र सांभाळावा लागतो. माझ्या मावशीकडे असं एक संयंत्र आहे. एका उन्हाळ्यात पाहुणे येऊन गेल्यावर तिनं बादलीभर आंब्याच्या साली नि नासका रस एकदम आत ओतला. दुसऱ्या दिवशी शेगडीची निळी ज्योत फडफडून विझली आणि टाकीला आंबूस वास येऊ लागला. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेनवाले संथ असतात आणि त्यांना आम्लता सोसत नाही. आठवडाभर काही घातलं नाही, मग वाटीभर शेण कालवलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

शहराच्या पातळीवरही हे जमतं. केरळात आलप्पुळाचा कचरा सर्वोदयपुरम गावाजवळ पडायचा. 2012 साली गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहर पेचात सापडलं. तिथे मग घरोघरी बायोगॅसच्या टाक्या आणि गल्लीगल्लीत हवेशीर खतपेट्या आल्या. 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं या शहराची आवर्जून दखल घेतली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या गाड्या कित्येकदा अडवल्या, तेव्हा पुण्यातही ओला-सुका वेगळा करण्याला जोर आला. वेंगुर्ल्यात ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, पाल्यापाचोळ्याच्या जळाऊ कांड्या, आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी आता लोक फिरायला जातात. आणि हो, स्वीडनमध्येही अन्नाचा कचरा वेगळा घेऊन त्याचा बायोगॅस करतात आणि त्यावर शहरातल्या बस धावतात. हे त्या मजकुरात नव्हतं.

सॅनिटरी नॅपकिन, डायपर, चिप्सची चकचकीत पाकिटं यांना अजून चांगली वाट नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्यांतलं काही सिमेंटच्या भट्ट्यांत जातं, तिथे तापमान 1400 अंशांच्या वर असतं. पण ओला कचरा बाजूला काढला की उरणारा हा ढीग खूपच लहान होतो.

बायोगॅसला जागा नसेल तर खत करा. भोकं पाडलेला डबा, तळाशी नारळाच्या शेंड्या, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर मूठभर वाळका पाला. बाजारातली महागडी 'चमत्कारी' पूड लागत नाही, पसाभर जुनं खत विरजणासारखं पुरतं. माझा डबा तिसऱ्या दिवशी 58 अंशांवर होता. आत हात घातला तर चटका बसेल इतका. ही उष्णताही सूक्ष्मजीवांच्या श्वसनाची. पाणी नेमकं किती हवं, ते मुठीला कळतं. खत मुठीत घट्ट दाबावं, बोटांच्या फटींतून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर आणखी पाला घालायचा, काहीच आलं नाही तर तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडायचं.