कोलेस्टेरॉल एकच नाही हो, आधी एलडीएलची ओळ वाचा

"बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तिन्ही आमच्या घराण्यातच आहे बघा." बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीपर्यंत हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की कान किटले, आणि दरवेळी कोलेस्टेरॉल वाढण्याचे दोन वेगळे प्रकार एकाच पोत्यात कोंबलेले असतात.

पहिला तुम्हाला पाठ आहे. पोट सुटलेलं, शुगर बॉर्डरवर, बीपीची गोळी चालू, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली. यामागं एक जीन नसतो, शेकडो असतात, एकेकाचा वाटा चिमूटभर, त्यातले काही शरीराला इन्सुलिनची दाद लागू देत नाहीत म्हणून ही मंडळी जोडीनं फिरतात. कुंद्यासारखं गोड आवरा, चाला, वजन उतरवा, फरक पडतो. झालं.

दुसरा म्हणजे एफएच, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, आणि घोळ इथंच होतो. यात बहुतेक वेळा एकच जीन बिघडलेला असतो, 19 व्या गुणसूत्रावरचा एलडीएलआर. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) रक्तातनं आत ओढणारे रिसेप्टर असतात, ते जवळपास निम्मेच कामाचे उरतात, मग ते एलडीएल जन्मापासनं रक्तातच फिरत बसतं. (हे रिसेप्टर ब्राउन आणि गोल्डस्टीननी शोधले, 1985 चं नोबेल त्याच कामाला.) साधारण 250 माणसांत एकाला हे असतं. माणूस काटक, शुगर 90, बीपी 120/80, ट्रायग्लिसराइड नॉर्मल, आणि एलडीएल 190 च्या वर! घरचे म्हणतात शुगर नाही, बीपी नाही, कशाला टेन्शन. अहो, एफएचवाल्यांत टाइप 2 डायबेटिस उलट कमीच सापडतो, म्हणजे शुगर नसणं हा काही दिलासा नव्हे. लसणाच्या पाकळ्यांनी तर हे हलतसुद्धा नाही, गोळी लागतेच, आणि कायमची.

आमचे थोरले काका असेच. टाचेमागची शीर (कंडरा, रक्तवाहिनी नव्हे) बोटाएवढी जाड, आम्ही समजायचो शेतात अनवाणी फिरून झाली असेल, पण ते तिथं साठलेलं कोलेस्टेरॉल होतं. एका डॉक्टरांनी रिपोर्टातलं फक्त टोटल बघून "तेल कमी करा" म्हणून परत पाठवलं. नुसतं टोटल बघणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सेहेचाळीसाव्या वर्षी अटॅकनं गेले.

वाटणीचा हिशोबही वेगळा. पहिल्यात पोराला थोडं आईकडनं, थोडं बापाकडनं, कमीजास्त येतं. एफएचमध्ये सरळ काटा-छापा, प्रत्येक पोराला पन्नास टक्के. आणि आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न लावायची हौस, त्यात दोघांकडं तोच जीन निघाला तर दर लेकरामागं चारात एक शक्यता की तो दोन्हीकडनं येणार, मग एलडीएल 500 च्याही वर आणि शाळेच्या वयातच हार्टचा त्रास.

काका गेल्यावर चुलतभावानं स्वतःचं तपासलं, एलडीएल 214. मग पोरांचं. थोरलीचं 88, धाकट्याचं 203, ताट दोघांचं एकच.