फळीतून आरपार : टिल्ट गेममधल्या धडकेची पार्श्वभूमी

सोलापुरात कॉम्प्युटरला असलेली पोरं पहिला मोबाइल गेम करायला घेतात तेव्हा बऱ्याचदा निवड ठरलेली असते: फोन डावी-उजवीकडे कलवायचा आणि उड्या मारत एकेका फळीवरून वर जायचं. फोन कलला की गडी सरकतो, इथपर्यंत काम पटकन होतं. मग तो फळीवर टेकायचं सोडून सरळ आरपार खाली जातो. "पाय फळीवरच होता की!" ही तक्रार तिथून सुरू होते.

तक्रार जुनीच आहे. 1977 च्या अटारी 2600 या घरगुती गेमयंत्रात धडक, म्हणजे एक वस्तू दुसरीला लागली हे, ओळखायचं काम चिप करायची. दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागचं मैदान अशा सहा वस्तू, म्हणजे 15 जोड्या. पडद्यावर रेखाटताना एखाद्या जोडीचे ठिपके एकमेकांवर आले की त्या जोडीची खूण चिपमध्ये उमटायची. प्रोग्रामरनं ती वाचायची. पण कोण कोणाला लागलं एवढंच कळायचं. 1981 च्या डाँकी काँग या गेमनंतर उड्यांचे गेम फोफावले, तेव्हा डोकं आपटलं की पाय टेकले हे कळल्याशिवाय भागेना. ते काम कोडच्या गळ्यात पडलं ते आजतागायत.

कल मोजणाऱ्या अ‍ॅक्सिलरोमीटरची कथा वेगळीच. त्याची छोटी चिप 1990 च्या दशकात बाजारात रुळली ती मोटारींच्या एअरबॅगमुळे, म्हणजे खऱ्याखुऱ्या धडकेसाठी. 2000 साली निन्टेन्डोनं कर्बी या पात्राच्या एका गेमच्या कार्ट्रिजमध्येच, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीतच, असा सेन्सर बसवला. 2007 च्या आयफोनमध्ये तो आला, पुढच्या वर्षी अ‍ॅप स्टोअर उघडलं आणि 2009 च्या डूडल जंप या गेमनं फोन कलवून उड्या मारायचा हा प्रकार घराघरात नेला.

धडकेसाठी वाढलेल्या या सेन्सरला गेममधली धडक मात्र कळत नाही. तो कल सांगतो, आणि तोही भाबडेपणानं: गुरुत्वाकर्षण कुठलं न् गाडीचा हिसका कुठला, हे त्याला वेगळं करता येत नाही. सोलापूरच्या सात रस्ता चौकात शेअर रिक्षानं झपकन वळण घेतलं तर फोन सरळ धरूनही गडी बाजूला घसरतो. त्यामुळे गडी घसरला तर सेन्सरकडे बघावं. आरपार गेला तर सेन्सरचा काही संबंध नाही.

आरपार जाण्याचं गणित असं. पडद्यावर वरून खाली ठिपक्यांत मोजायचं. फळीची वरची कड 205 वर, खालची 217 वर. एका फ्रेमला (पडद्यावर एकामागून एक उमटणारं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) पाय 200 वर होते, वेग फ्रेमला 25, म्हणजे पुढच्या फ्रेमला पाय 225 वर. दोन्ही वेळा पाय फळीबाहेर, म्हणून 'पाय फळीत आहेत का?' याला दोन्हीदा 'नाही' हेच उत्तर. मधे काय झालं ते कोणी पाहिलंच नाही. यंत्रमागाचा धोटासुद्धा वाटेत कोणी बघत नाही; पलीकडच्या पेटीत पोचला की नाही एवढंच तपासलं जातं. पोचला नाही, तर माग खाडकन थांबतो. इथंही प्रश्नच बदलायचा: आधीचे पाय कडेच्या वर किंवा कडेवर होते, आताचे कडेवर किंवा खाली आहेत, आणि गडी पडतो आहे का? तिन्ही खरं असेल आणि आडव्या अंगानं तो फळीच्या रुंदीत असेल, तर पाय 205 वर आणून ठेवायचे. वर जाताना फळी आडवी येऊ नये, हा डूडल जंपचा नियमही यातच आपोआप साधतो.

जुन्या, अडखळणाऱ्या फोनवर हा दोष जास्त दिसतो. फ्रेम कमी पडल्या की गेलेल्या वेळेच्या हिशेबानं गड्याला सरकवणाऱ्या कोडमध्ये गडी एका फ्रेममध्ये जास्त अंतर कापतो. लॅपटॉपवर सुरळीत चाललेला गेम मित्राच्या हातात गेल्यावर फसतो तो यामुळे.

पुढे एरिन कॅटो यांच्या बॉक्स2डी इंजिननं, म्हणजे हालचाल आणि धडक सांभाळणाऱ्या तयार कोडनं, हा हिशेब तयार करून दिला. 2013 मध्ये युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरनं आपल्या 2डी साधनांखाली तेच इंजिन वापरलं. तिथं रिजिडबॉडी 2डीचं (वस्तूची हालचाल इंजिनकडे सोपवणाऱ्या घटकाचं) कोलिजन डिटेक्शन, म्हणजे धडक ओळखणं, मुळात 'डिस्क्रीट'वर (फक्त थांब्याची जागा तपासणारं) असतं, ते 'कंटिन्युअस' (मधली वाटही तपासणारं) करावं लागतं. खालून आरपार जाता येणाऱ्या, वरून टेकता येणाऱ्या एकतर्फी फळीसाठी प्लॅटफॉर्म इफेक्टर 2डी हा घटक आहे. गड्याची जागा प्रत्येक फ्रेमला आपल्या कोडनं थेट बदलली, तर मात्र इंजिनला बगल दिल्यासारखं होतं आणि वरचं गणित पुन्हा हातानंच लिहावं लागतं.