मोठ्या संख्येच्या टप्प्याने मोजणी

एखाद्या संख्येपासून सुरुवात करून दर वेळी तीच ठरलेली संख्या मिळवत पुढे जाणे म्हणजे टप्प्याने मोजणे. शून्यापासून निघाले तर टप्प्याचा पाढा तयार होतो, पण निघायला कोणतीही संख्या चालते. लगतच्या दोन पदांतला फरक कायम राहत असल्यामुळे अशा प्रत्येक रांगेला अंकगणिती श्रेढी म्हणतात. टप्पा तीन-चार अंकी झाला की मोजणी अवघड होते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. १२५ च्या टप्प्याने मोजणे १७ च्या टप्प्यापेक्षा सोपे जाते, कारण टप्प्याच्या आकारापेक्षा त्याचे दहा, शंभर, हजार यांच्याशी असलेले नाते जास्त महत्त्वाचे ठरते.

१२५, २५०, ३७५, ५००, ६२५, ७५०, ८७५, १०००. आठव्या उडीला हजार पूर्ण होतात आणि पुढे ११२५, १२५०, १३७५ अशी तीच शेपटे, म्हणजे शेवटचे तीन अंक, त्याच क्रमाने परत येतात. आठ संख्या पाठ असल्या की रांग हवी तितकी लांबवावी. मराठीत हा आकृतिबंध कानालाही कळतो: सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे, सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार. ‘अडीच’ला साडेदोनच्या जागी धरले, तर सव्वा, साडे, पावणे आणि पूर्ण हे चक्र बरोबर दोनदा फिरते. ३७५ च्या टप्प्यातही हीच आठ शेपटे येतात, फक्त क्रम बदलतो: ३७५, ७५०, ११२५, १५००, १८७५, २२५०, २६२५, ३०००.

शेवटचे तीन अंक किती उड्यांनी परततात, याचा नियम सोपा आहे. टप्पा आणि १००० यांचा मसावि, म्हणजे दोघांना निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या, काढून त्याने १००० ला भागायचे. १२५ साठी उत्तर ८ येते. १३७ चा १००० शी मसावि १ आहे, म्हणून तिथे शेपटांचे चक्र पुरे व्हायला तब्बल हजार उड्या लागतात. शेवटच्या दोन अंकांसाठी १०० आणि एककासाठी १० घेऊन हेच करावे.

एककाचा अंक मात्र टप्प्याच्या एककावरच ठरतो. ७, १३७ किंवा ४००७ या कोणत्याही टप्प्याने शून्यापासून मोजले, तरी एकक ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ० असेच येतात. टप्प्याच्या शेवटी ३ असेल तर शून्याआधीचे नऊ अंक नेमके उलट्या क्रमाने दिसतात, कारण एककापुरते पाहिले तर ७ मिळवणे आणि ३ वजा करणे एकच.

शंभर, हजार अशा पूर्ण संख्येच्या अगदी अलीकडचे टप्पेही फसवे असतात. ९९८ मिळवत बसू नये, हजार मिळवून दोन काढावेत: ९९८, १९९६, २९९४, ३९९२, ४९९०. ९९ च्या टप्प्यात १९८, २९७, ३९६ असे करत ९९० पर्यंत शतक एकेकाने चढते, एकक एकेकाने उतरतो आणि मधला ९ जागचा हलत नाही.

सुरुवात शून्याऐवजी ४० पासून केली, तर १२५ च्या टप्प्याने ४०, १६५, २९०, ४१५ अशी रांग मिळते. तिच्यातल्या प्रत्येक संख्येला १२५ ने भागल्यास बाकी ४० उरते. ५२९० या रांगेत आहे का, हे पाहायला सगळी रांग लिहावी लागत नाही. ४० वजा करून उरलेल्या ५२५० ला १२५ ने भागले की ४२ मिळतात, म्हणजे बेचाळिसाव्या उडीला ती संख्या येते.

अंकांची बेरीज हा आणखी एक धागा. बेरीज एकअंकी होईपर्यंत करत गेल्यास १२५ च्या पाढ्यात ८, ७, ६, ५, ४, ३, २, १, ९ असा उतरता क्रम लागतो. लांब रांगेत चूक पकडायला हा उपयोगी पडतो, पण एकट्यावर विसंबू नये: ६२५ च्या जागी चुकून ६५२ लिहिले, तर बेरीज तीच राहते. तिथे शेपटे कामी येतात. शेपटांचे चक्र आठांचे आणि बेरजांचे नवांचे असल्यामुळे दोन्ही मिळून बहात्तराव्या उडीला, म्हणजे ९००० वर, एकदम पुरी होतात.

काही टप्पे मोजावेत ते केवळ गंमत म्हणून. ३७ च्या टप्प्याने दर तिसऱ्या उडीला १११, २२२, ३३३ येतात. १३७ च्या रुक्ष वाटणाऱ्या रांगेत ७३ व्या उडीला अचानक १०००१ भेटते. १४२८५७ ची रांग तर १४२८५७, २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२ अशी चालते. तेच सहा अंक गोल फिरत राहतात, कारण १ ला ७ ने भागल्यावर दशांशचिन्हापुढे हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. सातव्या उडीला ९९९९९९ येते. आठव्या उडीला ११४२८५६. आता खेळ संपला असे वाटते, पण पुढचा १ उचलून उरलेल्या १४२८५६ मध्ये मिळवला की पुन्हा १४२८५७.