दमा आणि दुखण्याच्या गोळ्या : दोन संशय, दोन इतिहास

हवा बदलली की पुण्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "अंग दुखतंय, एखादी गोळी द्या." दमा आहे का, हे ना मेडिकलवाला विचारत, ना गिऱ्हाईक सांगत. खरं तर या गोळ्यांवर दम्याच्या बाबतीत दोनदा संशय घेतला गेला. दोन्ही कहाण्या वेगळ्या आहेत, पण बोलता बोलता त्यांची सरमिसळ होते.

पहिली ॲस्पिरिनची. बायर कंपनीने ते 1899 मध्ये बाजारात आणलं. 1922 मध्ये फ्रान्समध्ये विडाल आणि सहकाऱ्यांनी दमा, नाकातले पॉलिप (आतल्या अस्तराला येणारे मऊ मांसल फुगवटे) आणि ॲस्पिरिन न सोसणं हे त्रिकूट नोंदवलं. 1968 मध्ये अमेरिकेत सॅम्टर आणि बीअर्स यांनी तेच पुन्हा मांडलं आणि नाव सॅम्टरचं चिकटलं. विडाल बिचारे मागे पडले. आपल्याकडे असा रुग्ण "नाकात मांस वाढलंय" म्हणत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो. दमा बहुधा तिशी-चाळिशीत सुरू झालेला, वास येणं कमी झालेलं. ॲस्पिरिन घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक गळायला लागतं, डोळे लाल होतात, छाती आवळते आणि पंप शोधावा लागतो.

असं का होतं, याचा धागा 1971 मध्ये सापडला. ॲस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिनची, म्हणजे सूज-दुखण्याशी संबंधित रसायनांची, निर्मिती रोखतं, हे जॉन व्हेन यांनी दाखवलं. 1975 मध्ये पोलंडच्या क्राकोव्हमधल्या श्चेक्लिक आणि सहकाऱ्यांनी दम्याचा झटका त्याच्याशी जोडला. म्हणजे ही नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी नव्हेच. ज्याला ॲस्पिरिन सोसत नाही, त्याला तसंच काम करणारं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही बाधतं. प्रोस्टाग्लँडिन घटतं तेव्हा श्वासनलिका आवळणारे ल्युकोट्राईन वाढतात. त्यांना अडवणारं मॉन्टेलुकास्ट आज पुण्यातल्या कितीतरी घरांत आहे. हे सगळं पक्कं आहे, पण लागू पडतं ते मोठ्या वयाच्या थोड्याच दमेकऱ्यांना.

दुसरी कहाणी पॅरासिटामॉलची, आणि ती बरीच डळमळीत. 1980 च्या दशकात राय सिंड्रोमच्या, म्हणजे ॲस्पिरिनशी जोडल्या गेलेल्या मुलांमधल्या मेंदू-यकृताच्या दुर्मिळ आजाराच्या, भीतीने पाश्चात्त्य देशांत मुलांचं ॲस्पिरिन बंद होऊन पॅरासिटामॉल आलं. त्याच सुमारास मुलांमधला दमाही वाढत होता. 1998 मध्ये काही संशोधकांनी या दोन्हींची सांगड घातली. मग 2008 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आयझॅक या जागतिक पाहणीचे आकडे आले : 31 देशांतली 6-7 वर्षांची दोन लाखांहून अधिक मुलं. पहिल्या वर्षी तापात पॅरासिटामॉल दिलेल्यांमध्ये दम्याची लक्षणं दिसण्याची शक्यता जवळपास दीडपट. आयझॅकच्या भारतातल्या केंद्रांमध्ये पुणेही होतं.

पण बाळाला पॅरासिटामॉल देतात कधी? ताप आल्यावर. छातीत कफ भरून वारंवार तापणारं बाळ पुढे घरघरणार, हे औषधाविनाही संभवतंच. आकड्यांतून हा गुंता सुटत नव्हता. 2016 मध्ये अमेरिकेत सौम्य दमा असलेल्या 300 लहान मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. ताप किंवा दुखण्यावर एका गटाला पॅरासिटामॉल, दुसऱ्याला आयब्युप्रोफेन. 48 आठवड्यांत दमा उसळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. दमा मुळात औषधामुळे जडतो का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. आधीच दमा असलेल्या मुलांच्या पालकांचा घोर मात्र बराच कमी झाला.

आता पुन्हा काउंटरवर मागितलेल्या त्या गोळीकडे. तिच्यात पुष्कळदा दोन औषधं असतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आहे. नाकात पॉलिप असलेल्या दमेकऱ्याला त्रास होतो तो मुख्यतः या दुसऱ्या औषधाने, आणि त्याचं नाव पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत असतं.